चिखल कुठल्या गावचा?

भाच्या, रणगाडा चांगला झालाय, त्यात वाद नाही. नांदेडहून गाडीच्या मागच्या सीटवर आडवा घालून आणलास आणि आमच्या ओसरीवर मांडलास, तेव्हा गल्लीतली पोरं गोळा झाली, मामी पदराला हात पुसत बाहेर आली आणि शेजारच्या अण्णांनी चष्मा आणायला नातवाला घरात पिटाळलं. एकास सहा मापाचा शर्मन म्हणजे मीटरभर लांब ऐवज. प्लायवूड, सनबोर्ड, पीव्हीसीच्या नळ्या, सगळं मापात. कोन कुठं हुकलेला नाही, फट कुठं राहिलेली नाही. पण पोरांसमोर जे बोललो नाही ते आता बोलतो. तुझा रणगाडा शोरूममधून आत्ताच बाहेर काढलेल्या ट्रॅक्टरसारखा दिसतोय. हार घालायचा आणि नारळ फोडायचा तेवढा बाकी आहे.

मी काही फौजी नाही. चाळीस वर्षं ट्रॉल्या रंगवल्या, त्यांच्या मागं मालकाच्या लेकरांची नावं लिहिली, गणपतीत देखावे केले. उसाचा हंगाम संपला की त्याच त्या ट्रॉल्या परत माझ्या दारात यायच्या, आणि रंग पहिल्यांदा कुठून जातो ते न विचारता समजायचं. फाळक्याच्या कडीपाशी जातो, हमाल जिथं पाय देऊन वर चढतो तिथं जातो, साखळदंड जिथं आपटतो तिथं जातो. बाकी अख्खी ट्रॉली बरी असते. मॉडेल करणारी पोरं नेमकं उलट करतात. हौसेनं सगळीकडून सारखा रंग उडवतात. मग ते वापरलेलं दिसत नाही, देवी येऊन गेल्यासारखं दिसतं.

म्हणून ब्रश हातात घ्यायच्या आधी मला एवढंच सांग. चिखल कुठल्या गावचा?

हसू नकोस. तुझं प्रदर्शन १७ सप्टेंबरचं, मुक्तिसंग्राम दिनाचं. १३ सप्टेंबर १९४८ ला मेजर जनरल जयंतनाथ चौधुरींच्या हाताखालची फौज सोलापूरकडून निजामाच्या हद्दीत शिरली. नळदुर्गला बोरी नदीवरचा पूल शाबूत हाती लागला, चिलखती तुकड्या जळकोटावरून पुढं सरकल्या आणि त्याच दिवशी दुपारी उमरग्याला पोचल्या. १८ तारखेला हैदराबादच्या फौजेचे सेनापती अल इद्रूस यांनी शरणागती दिली. शर्मन आणि स्टुअर्ट हे रणगाडे त्या काळी आपल्या सैन्यात होतेच. हा इतिहास तू वर्गात शिकवतोस, तुला मी काय सांगणार! मला त्यातलं दोनच गोष्टींशी देणंघेणं आहे. महिना सप्टेंबर, म्हणजे पाऊस अजून सरलेला नाही. आणि वाट नळदुर्ग ते उमरगा, म्हणजे सडकेवर मुरूम आणि सडक सोडली की काळी माती. बस्स. आता धुरळा मारायचा नाही हे आपोआप ठरलं. वाळवंटातल्या रणगाड्यांचे फोटो बघून तू जो पिवळट धुरळा सगळीकडून फवारणार होतास ना, तो डबा झाकून ठेव.

काळी माती काळ्या रंगानं रंगवू नकोस, ही पहिली चूक सगळे करतात. ओली असते तेव्हा ती काळी. वाळली की राखाडी होते, भेगाळते आणि तिचे पोपडे निघतात. तेव्हा चिखल एका रंगाचा नसतो. खाली सकाळचा वाळलेला राखाडी थर, त्यावर दुपारचा ओला काळपट, आणि मधेच मुरमाचा तांबूस शिंतोडा. आधी वाळलेला लाव, तो पूर्ण सुकू दे, मग ओला लाव. ओल्यावर शेवटी चकाकीच्या वॉर्निशचा हलका हात फिरव, पण फक्त खोलगट जागी. उंचवट्यावरचा चिखल लवकर वाळतो.

चिखल करायचा तो खऱ्या मातीचाच. मी नळदुर्गाच्या पुढून माती आणून ठेवलीय, ते शेवटी सांगतो. पण खरी माती जशीच्या तशी लावलीस तर फसशील, कारण तुझा रणगाडा सहापट लहान झालाय आणि मातीचा कण तेवढाच राहिलाय. अर्ध्या मिलिमीटरचा खडा तुझ्या मॉडेलवर तीन मिलिमीटरच्या गोट्यासारखा दिसतो. म्हणून माती कढईत कोरडी भाजायची, पिठाच्या चाळणीनं चाळायची, मग जुन्या मलमलीतून वस्त्रगाळ करायची. भाजायचा आळस करू नकोस. एकदा देखाव्यात मी ओली माती तशीच पसरली, तर पाचव्या दिवशी शिवाजी महाराजांच्या छावणीत गवत उगवलं. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय, मंडळाचा सत्कारही झाला, पण तो भाग वेगळा. वस्त्रगाळ मातीत पाण्यात पातळ केलेलं फेविकॉल आणि काथ्याची कातरून भुकटी केलेली चिमूट घाल. ती भुकटी म्हणजे चिखलातलं गवत. कालवण ताज्या शेणासारखं असावं, भज्याच्या पिठासारखं नको.

आणि ते लावायचं कुठं? आता पोकलेन बघायला जा. नांदेडात कुठंतरी नाला खोलीकरण नाहीतर पाया खोदायचं काम चालू असेलच. पोकलेनही चेनवरच चालतं. रणगाड्याच्या पट्ट्याला आपले लोक चेनच म्हणतात, मीही तेच म्हणणार. तासभर लांब उभा राहा, ऑपरेटरला चहा पाज आणि काम थांबल्यावर खाली वाकून बघ. चिखल वरून पडत नाही, चेन तो खालून उचलते. चाकांच्या मधल्या खोबणीत दाबून बसवते, चेनच्या वरच्या पत्र्याच्या पोटाला फासते, आणि मागच्या बाजूला उडवते. धडाच्या कुशीला शिंतोडे उडतात ते तिरपे, चेनच्या फिरण्याच्या दिशेनं. वरच्या सपाट भागावर चिखल आला तर तो फक्त माणसाच्या बुटाचा. हे एकदा डोळ्यात बसलं की पुस्तक लागत नाही.

शर्मनची चेन मात्र पोकलेनपेक्षा वेगळी, आणि इथं तुझी मोठी चूक झालीय. तू अख्खी चेन चांदीच्या रंगानं घासलीस. अरे, शर्मनच्या बऱ्याच चेनना रबराचे ठोकळे असत. रबर चमकेल कसं? ते धुळीनं करडं पडतं, कडा झिजून गोल होतात, मधेमधे टवके उडतात. चमकतात ती ठोकळ्यांना दोन्ही टोकांशी जोडणारी लोखंडी बिजागरं आणि पुढच्या दातेरी चाकाच्या दातांची टोकं, कारण लोखंडावर लोखंड तिथंच घासतं. शर्मनचं ओढणारं दातेरी चाक पुढं असतं, बहुतेक रणगाड्यांसारखं मागं नाही, हे तू बरोबर केलंयस. खालच्या चाकांनाही रबराची धाव असते. तीही काळीभोर ठेवू नकोस. आपल्या सायकलचा टायर बघ, तो कुठं काळा असतो?

चेनचे तुकडे मोजलेस का? साध्या शर्मनला एका बाजूला ७९, आणि पाच मोटारींची इंजिनं एकत्र बांधून तीस सिलिंडरचं एकच इंजिन केलेला जो लांब धडाचा प्रकार होता, त्याला ८३. इंजिन मोठं म्हणून धड लांब, धड लांब म्हणून चेनला चार तुकडे जास्त. तुझं धड लांबवालं आहे आणि चेन मी मोजली तर ७९ निघाली. म्हणून ती वीणा लावल्यासारखी ताणलीय. एक बरं आहे, शर्मनच्या चेनचा एक तुकडा सहा इंचांचा, म्हणजे एकास सहा मापात नेमका एक इंच. दोन्ही बाजूंना चार चार तुकडे अजून कर. मग चेन वरच्या रोलरांच्या मधे जराशी ओघळेल. ते ओघळणं म्हणजेच वजन. तीस टनांची गाडी आणि चेन तारेसारखी ताठ, हे डोळा मान्य करत नाही. बघणाऱ्याला सांगता येत नाही काय चुकलंय ते, पण त्याला गाडी हलकी वाटते.

वजनाचं आणखी एक. रणगाडा पाटावर ठेवल्यासारखा मातीवर ठेवू नकोस. पायथ्याच्या मातीत चेन बोटभर रुतली पाहिजे आणि मागं खुणा राहिल्या पाहिजेत. त्या खुणेत ठोकळ्याचा ठसा स्पष्ट, आणि कडेला माती दाबून वर आलेली. धडाच्या आत वाळूची पिशवी ठेव, म्हणजे प्रदर्शनात कुणी धक्का दिला तरी गाडी डुगडुगणार नाही.

आता अंगाचा पोत. इथं मी तुला थांबवून ठेवणार आहे, कारण रंगाच्या आधी हे झालं नाही तर रंग वाया गेला. शर्मनचा वरचा बुरूज ओतीव पोलादाचा. वाळूच्या साच्यात ओतलेलं कुठलंही लोखंड घे, जुना हातपंप घे, कडबा कापायच्या यंत्राचं चाक घे, अंगाला बारीक खरखर असते. तुझा बुरूज स्टीलच्या डब्यासारखा गुळगुळीत आहे. पुट्टी पातळ कर, जुन्या कडक टूथब्रशनं ठिपक ठिपक मार आणि सुकल्यावर बारीक पॉलिश पेपरनं वरवर उतरव. खरखर लिंबाच्या सालीइतकी हवी. संत्र्याच्या सालीइतकी झाली की समज जास्त झालं. पण धड मात्र वेगळं. तुझ्या प्रकाराचं धड सपाट पत्रे जोडून केलेलं, तिथं ही खरखर चालणार नाही. तिथं दिसायला हवा जोड. एम-सीलची शेवईसारखी बारीक वळी कर, जोडावर बसव, आणि ओली असतानाच ब्लेडच्या पाठीनं जवळजवळ तिरपे दाब दे. वेल्डिंगच्या दुकानात ट्रॉलीचा जोड बघितलायस ना, खवल्याखवल्याचा? तसाच. जाडी तीन मिलिमीटरच्या वर नको.

बोल्टच्या डोक्यांसाठी ब्लाउजवर लावायचे अर्धगोल मणी घे, ते दोन-तीन मापांत मिळतात. षटकोनी डोकी हवीत तिथं प्लास्टिकच्या पट्टीतून काप. धान्य चिकटवायच्या फंदात पडू नकोस. मी एका देखाव्यातल्या आगगाडीला रिव्हेट म्हणून ज्वारी चिकटवली होती, शेकड्यांनी. सकाळी बघतो तर इंजिनाचे निम्मे रिव्हेट उंदरांनी नेलेले.

थर्माकोल तू वापरला नाहीस ते बरं केलंस. सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून आपल्या राज्यात बंदी आहे, आणि बंदी नसती तरी मी नको म्हटलं असतं. स्प्रेचा रंग त्यावर पडला की तो वितळून आक्रसतो. माझा एक डोंगर असाच डोळ्यांदेखत बसला होता.

रंग. बाजारात बाटलीवर ऑलिव्ह ड्रॅब लिहिलेला मिळतो, महाग मिळतो, आणि थेट मारलास तर गडद दिसतो. लहान वस्तूवर रंग नेहमी असतो त्याहून गडद दिसतो, म्हणून एक-दोन पायऱ्या उजळ घ्यावा लागतो. मी घरीच करतो. पिवडीत काळा. हिरवा अजिबात नाही. पिवडीच्या रंगात काळ्याचा एक एक थेंब टाकत ढवळत जा, तो आपोआप शेवाळी वळतो. अमेरिकन फौजेचा हा रंग मुळात पिवडी आणि काळ्यातूनच यायचा, आमच्या पेंटर लोकांना त्याचं नवल नाही. उजळायचा तर पांढरा घालू नकोस, खडूसारखा मरतो. पिवडीच वाढव. खाली आधी रेड ऑक्साइडचा हात दे, लोखंडाला देतात तसा. तो कशाला ते पुढं सांगतो. आणि सगळं अंग एकाच छटेत नको. वरचे सपाट भाग उन्हानं जरा विटलेले, पोटाखालचे तसेच गडद. झाकणं आणि डब्यांची दारं धडापेक्षा किंचित वेगळी. वाड्याच्या दाराची एक फळी बदलली की कशी वेगळी दिसते, तेवढाच फरक.

त्यावर पातळ पाणी द्यायचं. ॲक्रिलिकचा रंग पूर्ण सुकला, त्यावर चकाकीच्या वॉर्निशचा एक हात दिला, मग नळीतला तेलरंग टर्पेंटाइनमध्ये चहाच्या पाण्याइतका पातळ करायचा. रंग बर्न्ट अंबर, काळा नाही. तो बोल्टच्या मुळाशी, झाकणाच्या कडेला, वेल्डिंगच्या खवल्यांत ब्रशच्या टोकानं सोडायचा. तो स्वतःच धावतो. जास्त झालेला अर्ध्या तासानं टर्पेंटाइनच्या ओल्या ब्रशनं उचलायचा. अख्ख्या गाडीवर फासून मग पुसत बसू नकोस, सगळी गाडी धुवट होते. थिनर मात्र ह्या कामाला लावायचा नाही, तो खालचं सगळं उकलून काढतो.

उभ्या बाजूंवरून ओघळ काढायचे ते ह्याच तेलरंगानं. बारीक ठिपका दे, पाच मिनिटं थांब, ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून जवळजवळ कोरडा कर आणि सरळ खाली ओढ. वरून खालीच. पाऊस आडवा ओघळत नाही. एसटीची मागची बाजू बघ, खिडकीच्या कोपऱ्यातून किती ओघळ येतात आणि मधल्या पत्र्यावर एकही कसा नसतो. ओघळाला उगम पाहिजे. बोल्ट, कडी, बिजागर, काहीतरी वर असलंच पाहिजे.

आता रंग उडवायचा. पाच माणसं ह्या गाडीत बसायची. ती चढली कुठून? पुढून, चाकाच्या वरच्या पत्र्यावर पाय देऊन. धरलं काय? कडी, दिव्याची जाळी, तोफेचं मूळ. कमांडर बुरुजातून अर्धा वर उभा, त्याचे कोपर झाकणाच्या कडेवर. ड्रायव्हर झाकण दिवसातून वीस वेळा उघडतो. तुझ्या वर्गातल्या पाच पोरांना खुर्च्या-बाकांचा रणगाडा करून त्यात चढ-उतर करायला लाव आणि कुणाचा हातपाय कुठं पडतो ते खडूनं खुणावून घे. हसतील, पण विसरणार नाहीत. त्या खुणांवरच रंग उडवायचा, बाकी कुठंही नाही.

उडवायचा कसा? दोन तऱ्हा आहेत. मोठा टवका हवा असेल तर रेड ऑक्साइडवर पाण्याचा हात देऊन त्या जागी जाड्या मिठाचे चार-पाच खडे ठेव, सुकू दे, मग वरून शेवाळी रंग फवार. सुकल्यावर बोटानं मीठ झाडलं की खालचा तांबडा उघडा पडतो, आणि कडा अशा वेड्यावाकड्या येतात की हातानं काढून यायच्या नाहीत. बारीक ओरखडे हवेत तर भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा फाड, गडद तपकिरी रंगात टेकव, कागदावर बहुतेक सगळा काढून टाक आणि उरलेला कडेवर टिपत जा. चांदीचा रंग नको. उघडं पडलेलं पोलाद काळपट-तपकिरी दिसतं. टवक्यात मधे पोलाद आणि भोवती रेड ऑक्साइडची बारीक तांबडी किनार, म्हणून तो खालचा हात द्यायला सांगितला होता. जिथं सतत बूट घासतो त्या कडेला मात्र शिसपेन्सिलीच्या शिशाची भुकटी बोटानं चोळ. मशीनगनच्या नळीलाही तेच. ह्याच्याएवढा पोलादाचा भास कुठल्याच बाटलीतला रंग देत नाही, आणि पेन्सिल तुझ्या खिशात असतेच.

गंजाबद्दल पोरं फार हळवी असतात. थांब. ही चालती गाडी आहे, रोज वापरातली. भंगारातली नाही. नांगराचा फाळ आठव. दिवसभर चालला की आरशासारखा, रात्री पाऊस लागला की सकाळी नारिंगी झाक, आणि दोन तास परत चालला की परत आरसा. चेनच्या लोखंडी बिजागरांवर तशी एक रात्रीची नारिंगी झाक चालेल, काव टर्पेंटाइनमध्ये कालवून, अगदी पुसटशी. सायलेन्सरवर जरा जास्त, कारण तिथं रंग भाजून जातो. चिलखतावर गंज नको. पेट्रोलच्या झाकणापाशी सांडल्याचा गडद, चकचकीत डाग, चाकाच्या मधल्या टोपीतून ग्रीस गळल्याचा एखादा ओघळ, एवढं पुष्कळ झालं.

गाडीवरचं सामान करताना तुझं नशीब चांगलं आहे, कारण ती हत्यारं आपल्याच शेतातली आहेत. फावडं, कुऱ्हाड, घण, पहार. दांड्याला पिवळा रंग देऊ नकोस. वापरलेला दांडा हाताच्या घामानं मधे गडद आणि टोकाला फिका असतो, आपल्या घरच्या कुदळीचा बघ. ओढायचा दोर सायकलच्या ब्रेकच्या तीन तारा एकमेकींना पीळ घालून कर. एरियल खराट्याच्या काडीचं, पण काडी निमुळती निवड आणि अगदी सरळ ठेवू नकोस. ताडपत्रीची वळकटी करायला नवं कापड घेऊ नकोस, ते सहापट जाड पडतं. जुन्या धोतराचा विरलेला तुकडा फेविकॉलच्या पाण्यात बुडव, गुंडाळ, सुतळीचा एक पदर उकलून त्यानं बांध आणि ओलं असतानाच गाडीवर ठेव, म्हणजे ते अंगासारखं बसतं. वळकटी तरंगताना दिसली की सगळं मुसळ केरात. पाण्याची किरमिची छागल एक टांग, ती खाली ओलसर, गडद. आकडे आणि खुणा स्टेन्सिलनं, पण स्टेन्सिलच्या जोडपट्ट्या सोडून. पलटणीचं चिन्ह फोटो समोर असल्याशिवाय काढू नकोस. सजवायच्या नादात दुसऱ्याच पलटणीची खूण काढलीस तर प्रदर्शनाला आलेला एखादा निवृत्त सुभेदार तुला तिथंच उभा करील.

पायथ्यावर काय उगवायचं, हे तू विचारलं नाहीस, पण मी सांगणारच. सोयाबीन नाही. आज लातूरभोवती जिकडं बघावं तिकडं सोयाबीन आहे, पण १९४८ ला ते आपल्या शिवारात नव्हतं. गाजर गवतही नाही. ते परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात, आणि १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा लोकांच्या नजरेस पडलं. सडकेच्या कडेला तरवड लाव, पिवळ्या फुलांची. एखादी बाभूळ, रुई. बांधापलीकडं तूर. दगड काळे, खडबडीत. तरवडीची फुलं करायला पिवळा स्पंज किसून घे. दगडाला मात्र खरा दगडच घे, फक्त त्याचा लहान तुकडा असा निवड की त्यातच मोठ्याचा आकार दिसेल.

जमलं तर एकदा नगरला जाऊन ये, पोरांना घेऊन. आर्मर्ड कोअरचं रणगाड्यांचं संग्रहालय १९९४ पासून तिथं आहे. सेंच्युरियन आहे, चर्चिल, व्हॅलेंटाइन आहे, पाकिस्तानकडून हिसकावलेले पॅटन आहेत. पुण्यात जन्मलेले अरुण खेत्रपाल १६ डिसेंबर १९७१ ला ज्या सेंच्युरियनमध्ये लढता लढता गेले, ती फामागुस्ता नावाची गाडीही नगरलाच आर्मर्ड कोअरच्या केंद्रात जपून ठेवलीय. त्यांच्याच पूना हॉर्सचे ले. कर्नल तारापोर १९६५ ला परमवीरचक्राचे मानकरी ठरले, आणि ते आधी हैदराबादच्या निजामाच्या फौजेत होते, हे तुझ्या पोरांना सांग. मराठवाड्यातल्या पोरांना हा धागा आवडेल. पण तिथं जाऊन एक चूक करू नकोस. रंग बघू नकोस. संग्रहालयातल्या किंवा चौकात ठेवलेल्या रणगाड्याला दरवर्षी नवा जाड हात मारतात, त्याखाली सगळ्या खुणा बुजतात. तिथं बघायचं ते लोखंड. ओतीव आणि जोडीव ह्यातला फरक, पत्र्याच्या कडेची जाडी, झाकणाच्या बिजागराची तऱ्हा. पत्रा किती जाड आहे हे कड बघितल्याशिवाय समजत नाही. तुझ्या मॉडेलवर चाकावरचा पत्रा आणि पुढचं चिलखत एकाच जाडीचे आहेत, हे माझ्या लक्षात आलंय. पत्र्याची कड घासून पातळ कर.

ब्रश धुवायला एक डबडं टर्पेंटाइनचं, एक पाण्याचं, आणि डबडी लहान. २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा आम्ही लातूरवाले ब्रश चहाच्या कपात धुवायला शिकलो, ती सवय मी सोडलेली नाही.

काम करताना गाडी टेबलावर ठेवून वरून बघत बसू नकोस. वरून फक्त कावळा बघतो. डोळा बुरुजाच्या खाली आण, सडकेच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाची उंची धर, आणि मोबाइलनं तिथून एक फोटो काढ. एकास सहा मापात तो माणूस फूटभराच्या आतला असतो, तेवढ्या उंचीवर मोबाइल धरायचा. डोळा जे माफ करतो ते फोटो माफ करत नाही. मी रोज काम संपवताना एक काढतो आणि सकाळी चहाच्या वेळी बघतो. सकाळी बघून हात शिवशिवला नाही त्या दिवशी काम थांबवतो. तुला रात्री अकरा वाजता वाटेल की अजून एक ओघळ हवा. नको. झोप.

मातीच्या पिशव्या माळ्यावर आहेत, दोन. निळ्या दोरीची नळदुर्गाच्या पुढची काळी, लाल दोरीची उमरग्याकडच्या सडकेवरचा मुरूम. दोन्ही भाजून ठेवल्यात, चाळायच्या बाकी आहेत. चाळणी स्वयंपाकघरातून घेतलीस तर मामीला विचारून घे आणि धुऊन, पुसून, उन्हात ठेवून परत दे. मागच्या खेपेला माझ्या भाकरीत मुरूम निघाला होता आणि ती अजून मान्य करत नाही.